४० मतांवरून ३१० मतांवर : फ्रेडरिक काउंटीची १७५८ ची निवडणूक

२४ जुलै १७५८, सोमवार. ब्रिटिशांच्या व्हर्जिनिया वसाहतीच्या पश्चिम सीमेवर फ्रेडरिक काउंटी, म्हणजे जिल्हा, होता. तिथल्या विंचेस्टर गावात विधिमंडळाच्या दोन जागांसाठी मतदान झालं. चार उमेदवार होते. सर्वाधिक मतं मिळवणारा उमेदवार त्या दिवशी गावात नव्हता. तो मेरीलँडमधल्या फोर्ट कंबरलँडजवळच्या लष्करी छावणीत होता. त्याचं नाव कर्नल जॉर्ज वॉशिंग्टन, वय २६, पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष.

या निवडणुकीचा उल्लेख सहसा एकाच कारणासाठी होतो : वॉशिंग्टनच्या नावावर मतदारांना पाजलेली १६० गॅलन दारू. हिशेबाचा तो कागद खरा आहे आणि त्याकडे पुढे येऊच. पण दारूने निवडणूक जिंकली असं म्हणून थांबलं, तर मतदानाची रीतच नजरेतून निसटते. इथे मत तोंडाने, सर्वांसमोर, एकामागून एक दिलं जाई आणि कोणाला किती मतं पडली हे दिवसभर कळत राही. अशा निवडणुकीत पहिल्या तासात कोण बोलतो, कोणाच्या समोर बोलतो आणि टेबलापाशी कोण बसलेलं असतं, यांना मद्यापेक्षा जास्त वजन होतं. या प्रकरणाचे कागद बारकाईने वाचले की हेच दिसतं.

तीन वर्षांपूर्वीचा पराभव

डिसेंबर १७५५ मध्ये याच काउंटीत वॉशिंग्टनचं नाव पहिल्यांदा पुढे आलं होतं. निकाल असा : ह्यू वेस्ट २७१, थॉमस स्वेअरिंजन २७०, वॉशिंग्टन ४०. पहिले दोघे निवडून गेले.

हे आकडे नीट पाहावेत. वेस्ट आणि स्वेअरिंजन यांच्यात फक्त एका मताचा फरक आहे. मतदाराला दोन मतं असत, कारण काउंटीला दोन जागा होत्या. दोघांची मतं इतकी जुळतात, तेव्हा बहुतेकांनी त्यांना जोडीने मत दिलं असणार. तिसऱ्याला त्या जोडीत शिरायला जागाच उरली नाही. आणखी एक गोष्ट. तिघांची बेरीज ५८१, म्हणजे विषम. मैदानात हेच तिघे धरले, तर निदान एका मतदाराने आपलं दुसरं मत वापरलंच नाही. जुन्या मतनोंदी तपासताना अशा साध्या बेरजांतून बरंच काही हाती लागतं.

वॉशिंग्टनच्या बाजूने त्या वेळी तयारी जवळजवळ नव्हती. शिवाय लष्करी अधिकारी म्हणून त्याचं आणि सीमेवरच्या लोकांचं पटत नव्हतं. सैनिकांसाठी घोडे, गाड्या, धान्य सक्तीने घ्यावं लागे. विंचेस्टरमधल्या गुत्त्यांमुळे आपले सैनिक बिघडतात अशी त्याची तक्रार असे आणि ते बंद व्हावेत म्हणून त्याने जोर लावला होता. गुत्तेवाले या बाजारपेठेच्या गावातले बोलके आणि चार माणसं गोळा करणारे लोक होते. मतं मागायला निघालेल्या माणसाने त्यांना दुखवणं महागात पडतं.

मत कोणाला होतं

व्हर्जिनियात मताचा अधिकार जमिनीला चिकटलेला होता. १७३६ च्या कायद्यानुसार मतदाराकडे यांपैकी काहीतरी हवं : वस्ती नसलेली १०० एकर जमीन; किंवा घर आणि लागवड असलेली २५ एकर जमीन; किंवा गावात घरासह प्लॉट. विकत घेतलेली जमीन असेल तर ती मतदानाच्या आधी वर्षभर ताब्यात असावी लागे. ऐन निवडणुकीपूर्वी जमिनीचे तुकडे पाडून मित्रांच्या नावावर करण्याची युक्ती यामुळे अडे. वारसाने किंवा लग्नातून आलेल्या जमिनीला ही मुदत नव्हती. हयातभराच्या पट्ट्याने जमीन कसणारा मालकच धरला जाई. ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचं कूळ मात्र मतदार नसे.

वगळलेल्यांची यादी लांब होती. १६९९ च्या कायद्याने स्त्रिया, २१ वर्षांखालचे पुरुष आणि कॅथलिक पंथीय बाहेर पडले. १७२३ च्या कायद्याने स्वतंत्र कृष्णवर्णीय, मिश्रवंशीय आणि मूळनिवासी यांचा मताधिकार गेला, मग त्यांच्या नावावर कितीही जमीन असो. गुलामांचा तर प्रश्नच नव्हता. ज्याला मत होतं त्याच्यावर उलट ते देण्याची सक्ती होती. न येणाऱ्याला २०० पौंड तंबाखूचा दंड होता, म्हणजे आजच्या मापाने ९० किलो. तंबाखू हेच तिथलं चलन होतं.

जमीन ज्या काउंटीत, मत त्या काउंटीत. दोन काउंट्यांमध्ये जमीन असलेला माणूस दोन्हीकडे मत देऊ शके, आणि मतदानाच्या तारखा वेगवेगळ्या असल्याने ते शक्यही होई. उमेदवारीलाही हाच नियम होता. वॉशिंग्टनचं घर माउंट व्हर्नन फेअरफॅक्स काउंटीत होतं. पण १७५० पासून बुलस्किन क्रीकच्या काठी त्याची जमीन होती आणि ती तेव्हाच्या फ्रेडरिक काउंटीत येत असे. तेवढ्यावर त्याला इथे उभं राहता आलं.

फर्मानापासून टेबलापर्यंत

१७५८ च्या जूनमध्ये फ्रान्सिस फॉकियर हा नवा लेफ्टनंट गव्हर्नर आला आणि नव्या विधिमंडळासाठी निवडणूक निघाली. पुढची कार्यपद्धती १७०५ च्या कायद्यात बांधून दिलेली होती.

गव्हर्नरच्या सहीचं फर्मान प्रत्येक काउंटीच्या शेरीफकडे जाई. शेरीफ मतदानाचा दिवस ठरवी आणि त्याच्या प्रती काउंटीतल्या प्रत्येक चर्चच्या पाद्र्याकडे पाठवी. मतदानाच्या दिवसापर्यंत दर रविवारी प्रार्थना संपली की पाद्र्याने ती सूचना मोठ्याने वाचायची. विखुरलेल्या वस्तीत बातमी पोचवायला दुसरी सोय नव्हती. फ्रेडरिक काउंटी तेव्हा फार पसरलेली होती. आज वेस्ट व्हर्जिनियात असलेल्या जेफरसन आणि बर्कली काउंट्यांचा भागही तिच्यातच होता. मतदानाची जागा मात्र एकच, विंचेस्टरचं कोर्ट-हाउस. दूरच्या शेतकऱ्याला मत द्यायचं म्हणजे घोड्यावरचा पूर्ण दिवस, कधी रात्रीचा मुक्काम. मतदारांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था उमेदवाराच्या माणसांनी करायची ही रूढी या अंतरातून आली. मद्याचा हिशेब वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

दिवस उजाडला की शेरीफ कोर्ट-हाउसच्या दारात फर्मान वाचून मतदान सुरू झाल्याचं जाहीर करी. आधी नुसत्या नजरेने कौल घेऊन पाहण्याची मुभा होती. जमावाकडे पाहून कोण पुढे आहे हे स्पष्ट असेल तर तेवढ्यावर निवड होई. चुरस असली किंवा उमेदवाराने मागणी केली, की एकेक मत नोंदवायला सुरुवात व्हायची.

त्याची मांडणी अशी. एक लांब टेबल. मधोमध शेरीफ, शेजारी काउंटी कोर्टाचे न्यायाधीश आणि उमेदवार. टेबलाच्या टोकाला शपथ घेतलेले कारकून. प्रत्येक कारकुनापुढे कागद, त्यावर उमेदवारांच्या नावांचे रकाने. मतदार पुढे येई. शंका असेल तर आपल्या जमिनीबद्दल शपथ घेई. क्वेकर पंथीयांना शपथेऐवजी प्रतिज्ञा चाले. मग शेरीफ विचारी, तुमचं मत कोणाला? मतदार दोन नावं उच्चारी आणि कारकून त्याचं नाव त्या दोन रकान्यांत लिहून घेई. ज्याला मत मिळालं तो उमेदवार बसल्या जागेवरून मतदाराचे आभार मानी, आणि त्याचे समर्थक ओरडून दाद देत.

म्हणजे मत देणाऱ्यासमोर एकाच वेळी त्याचा सावकार, त्याचा जमीनदार, त्याचा न्यायाधीश आणि त्याचे शेजारी हजर असत. रकान्यांतला आकडाही कोणीही विचारून घेऊ शके.

शेरीफच्या हातात बरंच काही होतं. मतदानाचा दिवस तो ठरवी. कोणाची जमीन पुरेशी आहे याचा पहिला निवाडा तोच करी. गर्दीतून कोणाला आधी टेबलापाशी घ्यायचं आणि मतदान केव्हा बंद करायचं, हेही त्याच्याकडेच. समसमान मतं पडली तर, तो स्वतः जमीनधारक असेल तर, निर्णायक मतही त्याचं. शेरीफची नेमणूक गव्हर्नर करी आणि तीही काउंटी कोर्टाने सुचवलेल्या न्यायाधीशांमधून. म्हणजे तो त्याच प्रतिष्ठित वर्तुळातला माणूस.

उमेदवार गैरहजर

१७५८ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश जनरल फोर्ब्जच्या फौजा फ्रेंचांच्या फोर्ट ड्युकेनवर चाल करून जाण्याच्या तयारीत होत्या. वॉशिंग्टन व्हर्जिनिया रेजिमेंटचा कर्नल म्हणून फोर्ट कंबरलँडजवळ तळ ठोकून होता. एक दिवस येऊन चेहरा दाखवा, असं विंचेस्टरचे मित्र त्याला लिहून कळवत होते. त्यांची काळजी बरोबर होती. उमेदवाराने टेबलाशी बसून प्रत्येक मतदाराचे आभार मानायचे, ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हती. न येणारा उमेदवार गर्विष्ठ समजला जाई.

वरिष्ठ अधिकारी कर्नल बुके याच्याकडून त्याला रजा मिळाली होती. तरी ती न वापरता छावणीतच थांबायचं त्याने ठरवलं. मोहिमेच्या तोंडावर रेजिमेंट सोडून मतं मागायला गेलेला कर्नल, ही बदनामी त्याला जास्त महाग पडली असती असं आम्हाला वाटतं. सीमेवरच्या मतदाराला हल्ल्यांची भीती रोजची होती. संरक्षणाच्या कामावर असलेला माणूस गैरहजर आहे, हे त्याला समजण्याजोगं होतं.

पण गैरहजेरी भरून काढावी लागते, आणि ती इथे फार पद्धतशीरपणे भरली गेली. कर्नल जेम्स वुड हा विंचेस्टर गाव वसवणारा आणि काउंटी कोर्टाचा कारकून. मतदानाच्या दिवशी तो वॉशिंग्टनचा प्रतिनिधी म्हणून टेबलापाशी बसला. गेब्रियल जोन्स या वकिलाने मतदारांशी बोलणी केली. फोर्ट लाउडन किल्ल्याचा ताबा असलेल्या लेफ्टनंट चार्ल्स स्मिथने खर्चाची बाजू सांभाळली. कोर्ट, वकिली आणि लष्कर, अशी तीन ठिकाणची विश्वासू माणसं होती. १७५५ मध्ये यांतलं काहीच जागेवर नव्हतं.

दुसरा मोठा बदल जोडीचा. या वेळी वॉशिंग्टनबरोबर थॉमस ब्रायन मार्टिन उभा होता. मार्टिन हा सहाव्या लॉर्ड फेअरफॅक्सचा भाचा. त्या भागातली पन्नास लाख एकरांहून अधिक जमीन लॉर्ड फेअरफॅक्सच्या मालकीची होती. शेतकऱ्यांना जमिनीचे हक्क त्याच्या कचेरीतून मिळत आणि दर १०० एकरांमागे वर्षाला दोन शिलिंग कर त्याच्याकडे जमा होई. तो आणि मार्टिन काउंटीतच ग्रीनवे कोर्ट या घरी राहत. वॉशिंग्टनला तो किशोरवयापासून ओळखत होता, त्याला जमीनमोजणीचं पहिलं काम त्यानेच दिलं होतं.

पहिली मतं

मतदान सुरू होताच सुरुवातीच्या मतदारांत लॉर्ड फेअरफॅक्स टेबलासमोर आला आणि वॉशिंग्टन व मार्टिन ही दोन नावं त्याने उच्चारली. त्याच्या आसपासच पाद्री विल्यम मेल्ड्रम आणि स्वतः जेम्स वुड यांची मतं पडली.

ही मतं मोजायला तीन आहेत, पण त्यांचा परिणाम तीन मतांचा नव्हता. विचार करा, पन्नास एकरांचा शेतकरी रांगेत उभा आहे. ज्याच्या कचेरीतून त्याच्या जमिनीचा कागद निघाला, ज्याच्याकडून तो रविवारी प्रवचन ऐकतो आणि ज्याच्या दप्तरात त्याचे कज्जे नोंदले जातात, ते तिघे मोठ्याने एकच नाव घेऊन बाजूला उभे राहिले आहेत. आता त्याची पाळी आली. दबाव आणायला कोणी काही बोलावंही लागत नाही.

दुसरा परिणाम आकड्यांचा. जो सुरुवातीला पुढे जातो त्याच्याकडे कुंपणावरचे मतदार वळतात, कारण निवडून येणाऱ्याला मत दिल्याचं श्रेय मिळतं आणि हरणाऱ्याला दिलेलं मत नुसतं वैर पदरात टाकतं. शिवाय दोन मतं असल्याने तडजोड सोपी होती. एक मत आपल्या आवडत्याला, दुसरं पुढे असलेल्याला. ही तडजोड किती झाली हे निकालातून काढता येतं.

निकाल आणि त्यातला हिशेब

वॉशिंग्टन ३१०, मार्टिन २४०, ह्यू वेस्ट १९९, थॉमस स्वेअरिंजन ४५.

बेरीज ७९४. प्रत्येकाने दोन्ही मतं वापरली असं धरलं तर मतदार ३९७. म्हणजे दर शंभरातल्या ७८ जणांनी वॉशिंग्टनचं नाव घेतलं. फक्त ८७ जणांनी घेतलं नाही.

आता वेस्टकडे पाहा. ३९७ पैकी १९९ म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त मतदारांनी त्याला मत दिलं आणि तरी तो पडला. वॉशिंग्टनची ३१० आणि वेस्टची १९९ मिळून ५०९ होतात. मतदार ३९७ असतील, तर निदान ११२ जणांनी या दोघांनाही मत दिलेलं असलंच पाहिजे. म्हणजे जुन्या आमदाराचे कितीतरी समर्थक त्याला न सोडता वॉशिंग्टनकडे आले. हेच आम्हाला या निकालाचं मर्म वाटतं. वॉशिंग्टन जिंकला तो वेस्टच्या मतदारांना तोडून नव्हे, त्यांचं दुसरं मत मिळवून. १७५५ मध्ये ते दुसरं मत स्वेअरिंजनकडे जात होतं. २७० वरून ४५ वर आलेला स्वेअरिंजन हा या निवडणुकीतला खरा पराभूत. वेस्ट आणि स्वेअरिंजन ही जोडी फुटली आणि तिची जागा वॉशिंग्टन-मार्टिन या जोडीने घेतली.

वेस्टला मार्टिनशी बरोबरी करायला ४१ मतं कमी पडली. मार्टिनला ती ४१ मतं मामाच्या नावाशिवाय मिळाली असती का, याबद्दल आम्हाला शंका आहे.

निकालानंतर जिंकलेल्या उमेदवाराला खुर्चीत बसवून गावातून मिरवत. वॉशिंग्टन नव्हता, म्हणून त्याच्या नावाचा जयजयकार करत लोकांनी वुडलाच मिरवलं.

१६० गॅलन

आता हिशेबाचा कागद. मद्य असं होतं : रम २८ गॅलन, रम पंच ५० गॅलन, वाइन ३४ गॅलन, बीअर ४६ गॅलन आणि रॉयल सायडर २ गॅलन. त्या काळच्या गॅलनचं माप सुमारे ३.८ लिटर, म्हणून एकूण सहाशे लिटरच्या थोडं वर. एकंदर खर्च ३९ पौंड ६ शिलिंग (२० शिलिंगांचा एक पौंड, १२ पेन्सचा एक शिलिंग).

बिलांतल्या बाबी पाहिल्या की मेजवानीचं स्वरूप कळतं. ४० गॅलन रम पंच, गॅलनला साडेतीन शिलिंग, एकूण ७ पौंड. १५ गॅलन वाइन, गॅलनला १० शिलिंग, एकूण साडेसात पौंड. उत्तम बार्बाडोस रम २६ गॅलन, गॅलनला ५ शिलिंग, एकूण साडेसहा पौंड. कडक बीअर ३० गॅलन, गॅलनला फक्त ८ पेन्स, म्हणजे सगळी मिळून एक पौंड. शिवाय मित्रमंडळींच्या जेवणाचे ३ पौंड. वाइन बीअरपेक्षा पंधरापट महाग होती. एवढ्या गर्दीत बीअर आणि पंच सर्वांसाठी आणि वाइन मानाच्या लोकांसाठी अशी वाटणी झाली असणार. ज्यांनी त्या दिवशी आधी मत देऊन वातावरण तयार केलं ते याच मानाच्या लोकांतले होते.

मतदारांची संख्या आणि मद्य यांचा भागाकार केला तर माणशी दीड लिटर येतं. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण त्याचा अर्थ लावताना दोन गोष्टी विसरल्या जातात. पिणाऱ्यांत मत नसलेलेही होते : कुळं, तरुण मुलं, बाजाराला आलेले लोक. आणि मद्य विरोधकांनाही मिळालं. निकालानंतर वॉशिंग्टनने वुडला पत्र लिहिलं. आपल्याविरुद्ध मत देणाऱ्यांनाही सारखंच वागवलं असावं आणि सर्वांना पुरेसं मिळालं असावं, अशी आशा त्याने त्यात व्यक्त केली. एकच धास्ती त्याने कळवली, ती म्हणजे हात आखडता घेतला गेला की काय याची.

हा उदारपणाच होता असं नाही. त्यात कायद्याची काळजीही होती. १७०५ च्या कायद्याने फर्मान निघाल्यानंतर आणि मतदानापूर्वी उमेदवाराने मतदाराला पैसा, अन्न, पेय किंवा भेट देणं गुन्हा ठरवलं होतं. असं करणाऱ्याची निवड रद्द होऊ शके. पळवाटा दोन. खर्च उमेदवाराने न करता त्याच्या मित्रांनी करायचा. आणि मत कोणाला दिलं हे न पाहता सर्वांना पाजायचं, म्हणजे ती लाच न राहता पाहुणचार ठरतो. फ्रेडरिकमध्ये दोन्ही पाळलं गेलं.

ही रेषा ओलांडली तर काय होई? त्याच १७५८ साली लुनेनबर्ग काउंटीतून मॅथ्यू मॅरेबल निवडून आला. त्याच्यावर खाण्यापिण्याचा आरोप होताच. पण त्याने एका प्रभावी मतदाराला काउंटीच्या विभाजनाबद्दल लेखी वचनही दिलं होतं. प्रकरण विधिमंडळाच्या निवडणूक समितीपुढे गेलं आणि त्याची निवड रद्द झाली. एका माणसाला, मतांच्या बदल्यात, कागदावर. यांतली प्रत्येक गोष्ट पाहुणचाराच्या उलट होती.

१७६१ : शेरीफला पत्र

मत देण्याच्या क्रमाला किती किंमत होती हे वॉशिंग्टनला पक्कं ठाऊक होतं. याचा लेखी पुरावा पुढच्या निवडणुकीत सापडतो. १७६१ च्या मे महिन्यात फ्रेडरिकमध्येच त्याच्यासमोर ॲडम स्टीफन उभा होता, पूर्वी त्याच्याच रेजिमेंटमधला दुय्यम अधिकारी. १५ मे रोजी, मतदानाच्या तीन दिवस आधी, वॉशिंग्टनने व्हॅन स्वेअरिंजन याला पत्र लिहिलं. हा त्या वेळी काउंटीचा शेरीफ होता, म्हणजे मतदान घेणारा अधिकारी. आपले समर्थक मतदान सुरू होताच पुढे आणता आले तर फायदा होईल, असं त्याने त्यात सुचवलं. शेरीफ म्हणून तुम्हाला यात उघडपणे पडता येणार नाही हे मी जाणतो, असंही लगेच जोडलं.

आज एखाद्या उमेदवाराने मतदान अधिकाऱ्याला असं पत्र लिहिलं तर निवडणूकच अडचणीत येईल. तेव्हाही ते उघडकीस यावं असं लिहिणाऱ्याला वाटत नव्हतं, हे मजकुरातच आहे. वॉशिंग्टनबद्दल आदर असणाऱ्यांनीही या पत्राला बगल देऊ नये. पुकारून होणाऱ्या मतदानात शेरीफचा कल ही उमेदवाराची मालमत्ता बनते, आणि चांगला माणूसही ती वापरून पाहतो.

निकाल : वॉशिंग्टन ५०५, जॉर्ज मर्सर ३९९, ॲडम स्टीफन २९४. तीन वर्षांत मतदार जवळपास दीडपट झाले होते.

कागद मागे उरतो

मतदान संपलं की शेरीफने नोंदीची प्रत वीस दिवसांच्या आत काउंटी कोर्टाच्या दप्तरात जमा करायची असे. उमेदवारांना तिची नक्कल घेता येई. १७५८ ची नक्कल वॉशिंग्टनने मिळवली आणि मतदारांची नावं अक्षरानुक्रमाने लावून घेतली. त्यामुळे त्याला नेमकं कळत होतं की कोणी मत दिलं आणि कोणी नाही. ही यादी पुढच्या निवडणुकीसाठी उपयोगी पडते, तशी उधारी, नेमणुका आणि शेजारधर्म यांसाठीही. मतदारालाही हे ठाऊक असे.

वादही याच कागदावरून होत. हरलेला उमेदवार विधिमंडळाकडे अर्ज करी आणि मग एकेक नाव तपासलं जाई : याची जमीन शंभर एकर भरते का, वर्षभर ताब्यात होती का, पट्टा हयातीचा की मुदतीचा, वय २१ पूर्ण होतं का. अपात्र ठरलेलं मत ज्याच्या रकान्यात असेल त्याच्यातून वजा करता येई. गुप्त मतदानात ही सोय नसते, कारण एकदा पेटीत पडलेली चिठ्ठी कोणाची हे कळत नाही. जाहीर मतदानाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत बळकट मुद्दा होता आणि तो पोकळ नाही. प्रत्येक मताची फेरतपासणी व्हायची, पण तिची किंमत छोट्या शेतकऱ्याने मोजायची. आमच्या मते ती किंमत फार होती.

सगळ्या वसाहती अशा नव्हत्या. न्यू इंग्लंडमध्ये आणि पेनसिल्व्हेनियात कागदी चिठ्ठ्या चालत. मॅसॅच्युसेट्सने तर १६४३ मध्ये काही पदांसाठी धान्यावर मत घेण्याचा नियम केला होता : मक्याचा दाणा म्हणजे होकार, घेवड्याचा दाणा म्हणजे नकार. व्हर्जिनियाने मात्र तोंडी पद्धत सोडली नाही.

वॉशिंग्टन मोहीम संपल्यावर २२ फेब्रुवारी १७५९ रोजी, आपल्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, विल्यम्सबर्गच्या सभागृहात प्रथम बसला. १७६५ मध्ये तो आपल्या घरच्या फेअरफॅक्स काउंटीतून उभा राहिला आणि तिथूनच पुढे निवडून येत गेला. स्वातंत्र्याच्या घोषणेनंतरही व्हर्जिनियात जमिनीची अट आणि पुकारून मत देणं दोन्ही तसंच चालू राहिलं. १७७७ मध्ये ऑरेंज काउंटीत तरुण जेम्स मॅडिसनने मतदारांना मद्य पाजायला तत्त्व म्हणून नकार दिला आणि तो चार्ल्स पोर्टर या गुत्तेवाल्याकडून हरला. पोर्टरविरुद्ध तक्रार गेली, पण पुराव्याअभावी ती फेटाळली गेली. मॅडिसन पुढे देशाचा चौथा राष्ट्राध्यक्ष झाला. व्हर्जिनियाचं जाहीर मतदान त्याच्यानंतरही टिकलं आणि यादवी युद्ध संपल्यानंतर, १८६७ मध्ये, बंद झालं.